आगोटीचा बाजार

मे संपत आला की आमच्या अलिबागकडे आगोटीची खरेदी सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणजे बाबांची कमाईही बंद! म्हणून आजी सुके बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवते. बोंबील मोडून बघते, वास घेते, मगच भाव करते. घाई केलेली तिला मुळीच चालत नाही.

गेल्या वर्षी मी तिच्याबरोबर गेलो होतो. लक्ष सगळं दप्तरांच्या दुकानाकडे. सोड्यांचा भाव ऐकून आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो बाय, जवळाच दे." मला वाटलं, पैसे संपले. तर ती म्हणते, "चल, आता तुझं दप्तर बघू."

त्या पावसाळ्यात आमच्याकडे सोड्यांची खिचडी झालीच नाही. दप्तर अजून चांगलं आहे, बंद तेवढा एकदा आजीने शिवलाय.