तंबोरा छान लागलाय

२०२१च्या पावसाळ्यात स्कूटर घसरली आणि डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मोडलं. हाड जुळलं, पण बोट पूर्ण वाकेना. कोड टाइप करायला बाकीची बोटं पुरतात, त्यामुळे नोकरीचं काही बिघडलं नाही. गेली ती गिटारवरची एफ कॉर्ड. त्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं आणि उरलेली तीन आपापल्या जागी घट्ट बसवायची. माझं एक बोट नुसतं टेकायचं आणि तिथून 'ठक्' असा मेलेला आवाज यायचा. हॉस्टेलवर अँडी मॅकीचं 'ड्रिफ्टिंग' बघून घेतलेली गिटार कपाटावर गेली. दोन वर्षं तिथेच होती.

मग जोनी मिचेलबद्दल वाचलं. नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, म्हणून तिने गिटारच वेगळी लावायला सुरुवात केली. हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?

नेहमीची गिटार ई-ए-डी-जी-बी-ई अशी लावतात. सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी दोन फ्रेट उतरवली की होतं डी-ए-डी-जी-ए-डी. हे ट्यूनिंग रुळवलं डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश गिटारवादकाने, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. मोरोक्कोत ऊद वाजवणाऱ्यांबरोबर त्याला वाजवायचं होतं. डीला सा धरलात तर सा प सा म प सा. गंधार नाहीच. त्यामुळे सूर ना हसरा, ना रडका. तो निर्णय तुम्ही घ्यायचा.

मी तारा उतरवल्या, अंगठा वरून खाली फिरवला आणि काहीही न दाबता खोली भरून गेली. पुढचे दोन आठवडे मी एक बोट इकडून तिकडे सरकवत होतो आणि सगळंच सुंदर वाटत होतं. इन्स्टावर टाकलं. लोकांनी बदाम पाठवले.

आई लग्नाआधी गाणं शिकायची, मध्यमापर्यंत परीक्षा दिलेल्या. लसूण सोलता सोलता म्हणाली, "तंबोरा छान लागलाय रे. आता गाणार कधी?"

मला राग आला. बोटाचं तिला माहीत नव्हतं का? दोन दिवस नीट बोललो नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण खरंच मी नुसता तंबोरा छेडत बसलो होतो.

म्हणून एक पूर्ण चीज शिकायला घेतली, 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर'. जुनी आयरिश चाल, ग्रॅहम याच ट्यूनिंगमध्ये वाजवायचा. शुद्ध गंधार चौथ्या तारेवर चौथ्या फ्रेटला, कोमल निषाद दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. डाव्या हाताची दोन बोटं बास होतात. अडला तो उजवा हात. धडधाकट, एकही ओरखडा नसलेला उजवा हात! अंगठ्याने खालचा सा ठेक्यात धरायचा आणि त्याच वेळी बाकीच्या बोटांनी वर चाल वाजवायची. चाल जरा थबकली की अंगठाही थबकायचा. म्हणजे अपघाताआधीही मला हे येत नव्हतंच. तेव्हा कॉर्ड झोडपत होतो, म्हणून कळलं नव्हतं. बोट मोडल्यावर तर काय, आयतं कारण मिळालं.

परवा एक मित्र आला, गिटार उचलून त्याने सवयीने जी कॉर्ड धरली आणि तोंड वाकडं केलं. "बेसूर झालीय रे," म्हणत ट्यूनर ॲप उघडू लागला. मी गिटार हातातून काढून घेतली.

सध्या मेट्रोनोम ५०वर आहे. आठ महिने झालेत. काल पहिल्या दोन ओळी न अडखळता गेल्या, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "खमाज का रे हा?" स्वर खमाजाचेच आहेत. मी 'हो' म्हणेपर्यंत तिने पुढची ओळ अंदाजाने गुणगुणायला घेतली, तीही माझ्यापेक्षा वेगात. ऐकता ऐकता माझा अंगठा थांबला.

"थांब गं आई," मी म्हणालो, "पहिल्यापासून घेतो."