वाढलेले तेल

जबलपूरच्या नेपियर टाउनमधील घरापासून मुलीची शाळा जेमतेम दीड किलोमीटर. तिला सोडणे आणि आणणे, एवढाच आमच्या डिझेल मोटारीचा नित्यक्रम होता. एका रविवारी डिपस्टिक काढून पाहिली, तर इंजिन ऑइल वरच्या खुणेच्याही वर! बाबा समाधानाने म्हणाले, "गाडी तेल पीत नाही." पण त्या तेलाला डिझेलचा वास येत होता.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि नव्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारा 'डीपीएफ' हा फिल्टर सर्रास आला. त्यात साचलेली काजळी जाळण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यासाठी अनेक इंजिनांत मुख्य ज्वलनानंतर थोडे अधिक डिझेल फवारले जाते. त्यातील काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून वंगणात मिसळते. फेरी लहान असली की ही सफाई अर्ध्यावर थांबते, पुन्हा सुरू होते. दरवेळी वंगणाची पातळी वाढते आणि त्याचा दाटपणा घटतो. असे पातळ वंगण बेअरिंगना झिजण्यापासून वाचवू शकत नाही.

एका मेकॅनिकने फिल्टरच काढून टाकण्याचा सल्ला दिला. क्षणभर मोह झाला. मग जाणवले, ती काजळी शाळेच्या फाटकाशीच बाहेर पडली असती.

आम्ही तेल बदलले, फिल्टर ठेवला. मोटार आता लांबच्या प्रवासालाच निघते. शाळेत आम्ही दोघे पायी जातो.