पाठीवरची झीज

जुना वस्तरा हाती आला की मी आधी त्याची पाठ पाहतो, धार नंतर. धार लावताना पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडावर एकदम टेकलेल्या असतात. म्हणून वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तऱ्याची पाठही धारेबरोबर झिजते, तिच्यावर सपाट, चकचकीत पट्टे उमटतात. पट्टे रुंद आणि पातं अरुंद असेल, तर तो बहुतेक धंद्यातला.

मला हेच वस्तरे प्रिय आहेत. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, शेफील्डचे आणि जर्मनीतल्या सोलिंगेनचे देखणे नमुने अधूनमधून मिळतात. पण माझ्या संग्रहाचा जीव भांडुपच्या सलूनवाल्यांकडून आलेल्या झिजलेल्या पात्यांत आहे. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आसपास सिएट, जीकेडब्ल्यू हे कारखाने भरात होते तेव्हा पाळी सुटली की दुकानात रांग लागायची, असं एका वयस्कर नाभिक काकांनी मला सांगितलं. त्यांनी दिलेलं पातं मुळात पाच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर रुंद असावं. त्यातला तिसरा हिस्सा दगडाने खाल्ला आहे.

एड्सच्या धास्तीनंतर दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावायची पद्धत रुळली. ते योग्यच झालं. पण अखंड पात्याचे वस्तरे मागच्या खणात गेले, तिथून भंगारात, किलोच्या भावाने. याचं मला खरंच वाईट वाटतं.

वय ओळखायला पात्याच्या मुळाशी ठोकलेला शिक्का कामी येतो. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांचा तारा आणि क्रूस 1764 पासूनचा, त्यामुळे एकट्या त्याने काळ ठरत नाही. मात्र अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. तेव्हा ‘इंग्लंड’ असा ठसा असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. त्याच 1890 मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. त्या काळचं पातं हातात घेतलं की मला कारखानदाराआधी ही माणसं आठवतात.

पावसाळ्यात खरी कसोटी. बोटांचा घामही पोलादाला डाग पाडतो, म्हणून हाताळून झालं की पातं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात द्यायचा. चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही. चामडं ओल धरतं. सेल्युलॉइडची मूठ जुनी होऊन कुजायला लागली की तिच्यातून निघणारी वाफ शेजारच्या पात्यांनाही गंजवते, म्हणून असे वस्तरे वेगळे. हस्तिदंती मूठ मी घेत नाही. हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्याकडे बंदी आहे आणि ती असायलाच हवी.

लाल गंज तेल लावून हळूहळू काढावा, काळपट डाग तसेच राहू द्यावेत. बफिंगच्या चाकावर चढवलेलं पातं आरशासारखं दिसतं, पण शिक्का पुसट होतो आणि तापल्यामुळे धारेचं पाणी उतरतं. विक्रेते असं करतात तेव्हा माझा जीव तुटतो.

आणि वस्तरा हातातून निसटला, तर झेलायला जायचं नाही. पडू द्यायचा. पातं तुटेल, बोटं राहतील.

माझ्याकडच्या प्रत्येक वस्तऱ्यासोबत एक चिठ्ठी आहे: दुकान कुठल्या गल्लीत होतं, दगड कुठला वापरत, शेवटची दाढी साधारण केव्हा केली. काकांच्या चिठ्ठीत त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली, हा वस्तरा त्यांच्या वडिलांनी वापरलेला होता.