कडी मी काढली होती

हॉस्टेलवर रात्री बारा वाजता दार वाजलं की दोनच शक्यता. कुणाला तरी जर्नल कॉपी करायला हवंय, नाहीतर कुणाचा तरी वाढदिवस आहे! एफ.ई.च्या दुसऱ्या सेमिस्टरला, फेब्रुवारीतल्या एका रात्री आमचं दार वाजलं ते माझ्या रूम-पार्टनरच्या वाढदिवसासाठी. तो डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपला होता. "दार उघडू नकोस, प्लीज," एवढंच म्हणाला. मला वाटलं, साहेब भाव खातायत. कडी मी काढली.

मग नेहमीचंच. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय, बाकीच्यांनी बम्प्स. तो ओरडला नाही. नंतर केकसुद्धा खाल्ला. पहाटे पाचला त्यानं मला हलवून उठवलं. उजवा पाय पोटाशी दुमडलेला, सरळच होत नव्हता. "रिक्षा बघ. आणि घाबरू नकोस. मला हिमोफिलिया आहे."

मला एवढंच माहीत होतं की हा रोग राणी व्हिक्टोरियाच्या घराण्यात होता आणि त्यात जरा खरचटलं तरी माणूस दगावतो. यातलं दुसरं चूक. रक्त जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. आणि खरा त्रास बाहेरच्या जखमेचा नसतोच. गुडघा, कोपर, घोटा यांच्यात आतल्या आत रक्त उतरतं, आणि ते वारंवार झालं की सांधा कायमचा खराब होतो. त्या रात्री रक्त उतरलं होतं कमरेच्या आतल्या स्नायूत.

हॉस्पिटलात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी दुखणं थांबवायला कमरेवर द्यायचं इंजेक्शन भरायला घेतलं. पार्टनर स्ट्रेचरवरूनच म्हणाला, "सर, स्नायूत इंजेक्शन नको, अ‍ॅस्पिरिन नको. आधी फॅक्टर आठ लागेल." वय वर्षे एकोणीस, आणि दुखत असताना स्वतःच्या आजाराची वायवा देत होता. फॅक्टर तिथे नव्हतं. त्याच्या बाटल्या होत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, आत्याच्या फ्रीजमध्ये. मी थर्मासमध्ये बर्फ घालून घेऊन आलो. तो तास मी अजून विसरलेलो नाही.

बाटल्या आत्याकडे का? तर हॉस्टेलवर फ्रीज नाही, आणि रेक्टर सरांकडे जागा मागायची म्हणजे सांगणं आलं. सहावीत त्यानं शाळेत सांगितलं होतं. तेव्हापासून दहावीपर्यंत त्याला एकाही सहलीला नेलं नाही. म्हणून इथे गप्प.

तो तीन आठवडे बेडवर होता. त्या काळात मला फॅक्टरचं गणित कळलं, ते आपल्या लोकांना लगेच समजेल. फॅक्टर आठची हाफ-लाइफ साधारण बारा तास. म्हणजे कपॅसिटरच, डिस्चार्ज होत जाणारा! सकाळी पातळी ५० टक्क्यांवर नेली तर दोन दिवसांनी जेमतेम ३ टक्के. एक टक्क्याच्या खाली गेलं की धक्का न लागताही रक्त उतरू शकतं. म्हणून रक्त उतरायची वाट न बघता आठवड्यातून दोन-तीनदा शिरेतून घेत राहायचं, ही खरी पद्धत. पण तेवढ्या बाटल्या हव्यात ना! काका दर महिन्याला सरकारी दवाखान्यात रांगेत उभे राहतात. कधी मिळतात, कधी "पुढच्या आठवड्यात या".

रेक्टर सरांनी आपल्या घरच्या फ्रीजमधला एक कप्पा दिला. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी फॅक्टरच्या बाटल्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, त्या आधारावर तळमजल्याची खोलीही मिळाली.

मग आम्ही दुसरी चूक केली. सगळी विंग त्याला जपायला लागली. वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब मी करून द्यायचो, मेसचं ताट कुणीतरी आणायचं, क्रिकेटला तो कायमचा स्कोअरर. एस.ई.ला सिंहगडचा बेत ठरला तो त्याला न सांगता. त्याला कळलं तेव्हा पहिल्यांदा चिडलेला बघितला. "बम्प्स तरी परवडले. तुम्ही तर मला शाळेत परत पाठवलंत." त्याच्या डॉक्टरांनीच पोहायला, चालायला सांगितलंय; स्नायू घट्ट असले तर सांधे तगतात. सिंहगडला तो आला. सकाळी मी दंडाला पट्टा आवळून धरला, शीर त्यानंच शोधली, सुई त्यानंच टोचली. मी दुसरीकडे बघत होतो, हे तो अजून सगळ्यांना सांगतो.

काकू दिवाळीला डबा घेऊन येतात आणि दरवेळी एकदा तरी म्हणतात, "माझ्याकडून आलं रे त्याला." आजार आईच्या एक्स क्रोमोसोमवरून येतो हे खरं. पण तिथे सही करून काही दिलेलं नसतं. पार्टनर विषय बदलतो. धाकट्या बहिणीची तपासणी करायची की नाही, यावर मात्र घरात भांडणं होतात. आता कातडीखाली घ्यायचं, एमिसिझुमॅब नावाचं औषध आहे. आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला एकदा. शीर शोधायला नको. त्याची किंमत निघाली की काका गप्प होतात.

आमच्या विंगला बम्प्स बंद झाले. नियम कुणी केला नाही, आपोआप झाले. फक्त गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला बाराच्या ठोक्याला पार्टनर स्वतःची स्लीपर हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "दोन वर्षं थांबलोय. उलटा हो."