पेटीवरचे नाव आणि आतला क्रमांक

ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे म्हणजे वरवर पाहता फाइलींची नक्कल करणे असले, तरी प्रत्यक्षात ती एक लांबलचक प्रश्नोत्तरी असते. भाषा कोणती, कळफलक कोणता, डिस्कचे भाग किती आणि कसे पाडायचे, पासवर्ड काय, असे एकामागून एक विचारले जाते आणि माणूस समोर बसून ‘पुढे’ दाबत राहतो. ही उत्तरे आधीच एका फाइलीत लिहून ठेवली की माणसाची गरज उरत नाही. रेड हॅटच्या घराण्यात या फाइलीला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, आणि विंडोजमध्ये हेच काम एक एक्सएमएल फाइल करते.

वांद्रे पश्चिमेच्या एका शिक्षणसंस्थेतील संगणक प्रयोगशाळेचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले, ते २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर रोजी संपला होता, आणि प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांत विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था नसल्यामुळे ते एक तर भंगारात काढायचे किंवा त्यांवर लिनक्स घालायचे, एवढेच दोन मार्ग उरले होते. संस्थेने दुसरा निवडला आणि त्याच वर्षी ९ ऑगस्टला आलेली डेबियन १३ ही आवृत्ती ठरली. पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक संगणकापुढे बसण्याऐवजी पीएक्सई ही पद्धत घेतली गेली. या पद्धतीत संगणक चालू होताच त्याचे नेटवर्क कार्ड डीएचसीपीद्वारे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून, स्वतःसाठी पत्ता आणि सुरुवातीच्या फाइलीचे नाव मागून घेते व टीएफटीपी या साध्या मार्गाने ती फाइल उतरवून घेते. मग लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, येतो आणि पुढचा कारभार प्रीसीड पाहते.

पहिल्या दिवशी अर्धे संगणक निमूटपणे तयार झाले. उरलेल्यांपैकी काही तर सुरूच होईनात, पण तो दोष ड्रायव्हरचा नव्हता. वांद्र्याची हवा खारी आणि दमट असल्याने रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर थर चढतो. पट्टी काढून ती कड साध्या खोडरबराने घासली की बहुतेक वेळा संगणक शुद्धीवर येतो. पुस्तकांत न सापडणारा हा उपाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारातील प्रत्येक दुरुस्तीवाल्याला ठाऊक असतो, आणि ड्रायव्हरवर शंका घेण्याआधी तो करून पाहण्यात कमीपणा मानू नये.

खरे कोडे पुढे होते. काही संगणक नेटवर्कवरून कर्नल उतरवून घेत आणि त्यानंतर ‘नेटवर्क कार्ड सापडत नाही’ असे सांगून थांबत. प्रयोगशाळेतील मदतनीस म्हणाले, ‘‘सर, नेट येतंय आणि मधेच जातंय,’’ आणि ते वर्णन अगदी अचूक होते, कारण एकाच तारेवर दोन वेगवेगळे चालक काम करत होते. पहिला टप्पा कार्ड स्वतःच्या आतल्या कायम कार्यक्रमावर चालवते. कर्नल जागा झाला की तो कारभार काढून घेतो आणि स्वतःचा ड्रायव्हर लावतो. आता ड्रायव्हर म्हणजे उपकरणाशी बोलणारा कर्नलचा भाग; पण काही चिपांना त्याशिवाय फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत भरावा लागणारा छोटा कार्यक्रम, प्रत्येक वेळी नव्याने द्यावा लागतो. ऑल्ट आणि एफ-४ दाबून स्थापकाची, म्हणजे इन्स्टॉलरची, नोंदवही उघडल्यावर नेमकी तीच तक्रार दिसली: ड्रायव्हर होता, फर्मवेअरची फाइल नव्हती. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर अधिकृत स्थापना-माध्यमांत घेण्याचे ठरवले आणि २०२३ च्या आवृत्ती १२ पासून ते अमलात आणले. तथापि नेटवर्कवरून येणाऱ्या छोट्या संचात ते नसते. तो संच आणि फर्मवेअरचा वेगळा मिळणारा गठ्ठा या दोन फाइली एकीला एक जोडून एक केल्या की काम होते, आणि झालेही. कर्नल अशी जोडफाइल बिनतक्रार उलगडतो.

परंतु त्याच नमुन्याचे, एकाच खरेदीतले, पेटीवर एकच नाव असलेले बाकीचे संगणक पहिल्याच दिवशी का चालले, हा प्रश्न उरत होता. उत्तर एलएसपीसीआय या आज्ञेने दिले. पीसीआय पद्धतीने जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला दोन क्रमांक असतात, एक निर्मात्याचा आणि दुसरा उपकरणाचा. इंटेलचा निर्माता-क्रमांक ८०८६ असून १९७८ च्या त्यांच्या प्रोसेसरचे नावही हेच होते, ही त्या कोरड्या यादीतील एकमेव गंमत. ड्रायव्हर निवडताना कर्नल हेच आकडे पाहतो, पेटीवरचे नाव नव्हे, आणि या दोन गटांतील नेटवर्क चिपांचे आकडे वेगळे निघाले.

याहून महाग पडलेली चूक मात्र पूर्णपणे लेखकाची होती. प्रीसीडमध्ये ‘एसडीए’ या डिस्कवर सिस्टीम बसवावी असे लिहिले होते. काही संगणकांत नव्या एसएसडीबरोबर जुनी हार्ड डिस्कही तशीच ठेवलेली होती, आणि एसडीए, एसडीबी ही नावे डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने पडतात, तो क्रम कायम नसतो. त्यामुळे दोन संगणकांत सिस्टीम संथ डिस्कवर जाऊन बसली आणि तिच्यावर असलेले विद्यार्थ्यांचे जुने प्रकल्प पुसले गेले. त्यांतल्या काहींची प्रत कुठेच नव्हती. समोर माणूस असता तर ‘ही डिस्क पुसायची का?’ या प्रश्नावर तो कदाचित थबकला असता, पण फाइलीतले ‘हो’ आधीच लिहिलेले होते. नंतर प्रीसीडमध्ये एक छोटी तपासणी घातली गेली: कर्नल प्रत्येक डिस्कपुढे ती फिरणारी आहे की नाही याची नोंद १ किंवा ० अशी ठेवतो, जिच्यापुढे ० अशी एकच डिस्क सापडेल तीच घ्यावी, अन्यथा थांबून माणसाला विचारावे.

सुटी संपली तेव्हा प्रत्येक संगणक मराठी कळफलकासह उघडत होता, आणि प्रत्येक कॅबिनेटच्या बाजूला, निर्मात्याच्या स्टिकरच्या खाली, नेटवर्क चिपचे दोन्ही क्रमांक मार्करने लिहिलेले होते.