नळीच्या आत

पाऊस उघडला तसं अण्णांनी परवान्याची .३१५ रायफल पुसायला काढली. ईशापूरच्या कारखान्यातली, वडिलांमागे त्यांच्या नावावर झालेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली. तेव्हापासून ती पीकसंरक्षणाच्या नावाखाली पालीच्या वाड्यात आहे.

"नळी गेली, गोळ्या डावीकडं जात्यात," अण्णा म्हणाले. सगळ्याच? "सगळ्याच, एका जागी." मग नळीवर आळ कशाला? झिजलेली नळी गोळ्या विखुरते. एकाच बाजूला नेमाने जातात तेव्हा आधी नेम धरायची माशी सरकलीय का ते पाहावं.

तरी आत पाहिलंच. काडतूस नाही याची खात्री केली, बोल्ट काढला, पलीकडे पांढरा कागद धरला. काळोख! पण मळलेल्या नळीवरून निकाल देऊ नये. नळी साफ करायचं औषध लावलेली चिंधी निळसर-हिरवी निघाली, म्हणजे गोळ्यांचं तांबं. साफ झाल्यावर पीळ धारदार दिसले. काडतुसाच्या घराजवळ मात्र गंजाचे खड्डे. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्लोरेटचं जळून मीठ होतं, ते हवेतला ओलावा ओढतं. ते पाण्याने जातं, तेलाने नाही. घराण्याने इमानाने तेल पाजलं आणि खाली गंज वाढत राहिला. असे खड्डे लवकर मळतात, पण नेम बिघडवतीलच असं नाही.

मला खरी भीती तोंडाची होती. पुढून लोखंडी गज घालून तिथली कड एका बाजूला झिजली, तर गोळी सुटताना वायू तिरपा निसटतो. कड शाबूत निघाली. दस्त्याचा पुढचा स्क्रू मात्र बोटानेही फिरत होता; नेम ढळायला तेही कारण असू शकतं.

"मंग आवळू का?" अण्णांनी विचारलं. आवळा, पण माशीला हातोडी लावू नका. ते काम परवानाधारक कारागिराचं.