आत्याच्या कपाटातलं बुटीक

ज्यांच्या घरी माळा आहे, आत्या आहे आणि आत्याला काहीही टाकून न देण्याची खोड आहे, त्यांनी कपड्यांच्या दुकानाकडे फिरकूसुद्धा नये! हे मी पूर्ण शुद्धीत सांगतेय. 'व्हिंटेज'ची पाटी लावलेल्या दुकानांत जे काचेआड टांगलेलं असतं, ते सगळं आत्याच्या लोखंडी कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात पडून आहे. आणि फुकट!

सगळ्यात आधी हाती लागलं काळंभोर इरकली लुगडं. नऊवारी, लाल काठांचं. मी काठावरच फिदा झाले होते, तर आत्या म्हणाली, "अगं, काठ काय बघतेस, पदर बघ." बघते तर अंगाचा ताणा सुताचा, पदराचा रेशमाचा, आणि दोन्हींचे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडलेले! बोट फिरवलं तर जेमतेम एक रेघ लागते. या जोडाला म्हणे कोंडी म्हणतात, आणि पदराला टोप-तेनी. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलच्या विणकरांची ही करामत आमच्या कपाटात कधीपासून घडी होऊन बसली होती!

"कात्री लावलीस तर बघ," आत्याने दम भरला. कशाला लावू? कासोटा घालून नेसले, वर माझाच पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. आरशासमोरून हलवेना!

मग निघाल्या खणाच्या चोळ्या. एकीत दंड शिरेना. आत्याने चोळी उलटी केली, शिवण दाखवली. जुन्या शिंप्याने आत बोटभर माया ठेवलेली! टीप उसवली, थोडी सरकवून नवी मारली, चोळी अंगात बसली. आजच्या तयार कपड्यांत इतकी माया कोण सोडतो?

खालच्या खणात काकांचं एचएमटी. बंगळुरूच्या या कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. काकांचं किल्लीचं आहे, सेल-बिल काही नाही. किल्ली दिली, कानाला लावलं, टिकटिक सुरू! पट्टा तेवढा नवा घालायचाय.

आणि हे सगळं केव्हाच गेलं असतं, हे ऐकून तर माझा जीवच दडपला. एक शालू भांडीवालीच्या स्टीलच्या डब्यावर आधीच गेलाय. जुन्या खऱ्या जरीत चांदीची तार असायची, त्यामुळे निव्वळ जरीसाठी साड्या घेणारेही दारावर यायचे. म्हणजे आपली शर्यत त्यांच्याशी आहे, मैत्रिणींनो!

तेव्हा विचारा. आत्याला, मावशीला, आजीला, थेट विचारा. लाजू नका, "तुला आवडतंय हे?" म्हणत त्या स्वतःच आणखी एक गाठोडं सोडतात. मिळालेलं रेशीम सावलीत वाऱ्यावर टाका, मऊ सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीवर चिरतं. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, जर काळी पडते.

मी निघालेय मामाकडे. त्याचा बेलबॉटम अजून ट्रंकेत आहे, अशी मामीकडून पक्की खबर आहे. मामाला पत्ता लागायच्या आत पोचायचंय!